दोन गुण कमी

दाणी साहेबांनी कँटीनच्या भिंतीवर यादी चिकटवली तेव्हा माझ्या तोंडात वडा होता. असा गरम, की गिळता येईना आणि टाकवेना. तो तसाच घोळवत, कोपरानं वाट काढत मी पुढे गेले आणि आधी माझं नाव शोधलं. दुसरं होतं. पहिलं शैला फुगेचं.

"सात गुण," शैला माझ्या कानाशी म्हणाली. "लई नायत गं नंदे. पण हायेत."

"अजून एक मॅच हाय," मी म्हणाले. वड्यामुळे तिला ते नीट ऐकू गेलं नसावं.

भोसरीच्या सुवर्धन मीटर कंपनीत आम्ही सकाळी विजेच्या मीटरच्या कॉइल गुंडाळायचो आणि दुपारी मागच्या मैदानावर कबड्डी खेळायचो. खरं तर आम्हाला घेतलंच होतं कबड्डीसाठी. व्यावसायिक गटाच्या स्पर्धा लागल्या की कंपनीचं नाव छातीवर लावून आम्ही इस्लामपूरपासून पालघरपर्यंत जायचो आणि बहुतेक ठिकाणी जिंकून यायचो. पण कागदोपत्री आम्ही सगळ्या हंगामी. मोठ्या मालकांना खेळाचं वेड होतं, तोवर ते चाललं. ते गेल्यावर मुलांनी कंपनी विकली. नव्या मालकांना मीटर हवे होते, कबड्डी नको होती. संघ बंद. फेब्रुवारीतली कंपनीचीच स्पर्धा शेवटची. त्यानंतर पहिल्या तिघींना कायम करणार आणि बाकीच्यांना नारळ. पहिल्या तिघी म्हणजे संघात आल्यापासून ज्यांचे सगळ्यांत जास्त गुण, त्या. शैला, मी आणि विमल.

म्हणजे माझी नोकरी पक्कीच होती. तरी मला झोंबलं ते दुसरं नाव. शैलानं आणि मी शाळेपासून एकत्र चढाया केल्या. ती कधी माझ्यापेक्षा चांगली नव्हती, फक्त माझ्याआधी वर्षभर संघात आली होती. हे मी तिच्या तोंडावर सांगायची आणि ती म्हणायची, "मग गाठ की."

वडा गिळून झाल्यावर मी यादी खालपर्यंत वाचली. मथुरा केदारीचं नाव अगदी तळाशी होतं. राखीव पोरींच्याही खाली.

मथुरा आमचा डावा कोपरा. ठेंगणी, रुंद, आणि जिभेवर सदा निखारा. ती चढाईला कधी जायचीच नाही, पण समोरची चढाईवाली तिच्या कोपऱ्यात पाय टाकायला कचरायची, कारण मथुरानं एकदा घोटा धरला की तो सुटत नसे. आणि आमच्या खेळाची गंमत अशी, की चढाईत पकडली गेलेली बाई बाद होते, बाहेर जाऊन बसते. मग आपल्या संघानं समोरच्याला पकडलं की बसलेल्यांतली पहिली जिवंत होऊन परत आत येते. मेलेलं माणूस उठतं असा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. मी किती वेळा मेले याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी मी बाजूला बसून मथुराच्या हातांकडे बघत असायची.

आमचे प्रशिक्षक पवळे सर स्वभावानं भित्रे. मैदानावर वाघ, साहेबासमोर शेळी. तरी त्या दिवशी टोपी हातात धरून ते दाणी साहेबांना म्हणाले, "साहेब, यात पकडीचे गुण धरलेच नाहीत."

"पकडीला चार-चार जणी धावतात, पवळे. गुण कुणाच्या नावावर टाकायचा? तो संघाचा."

"मग संघाचा म्हणून तरी..."

"संघाला कायम करता येत नाही. माणसाला करता येतं." दाणी साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण न्यायानं वागतोय, आणि अशा माणसाशी भांडायला फार जड जातं.

सरांनी टोपी घातली आणि ते गेले.

संध्याकाळी मी मथुराच्या खोलीवर गेले. खोली कसली, आळंदी रोडला पत्र्याखाली दहा बाय आठ. पण स्वच्छ, आणि दाराला आतून कडी. त्या कडीचं तिला फार कौतुक होतं. ओतूरकडे सासर होतं तिचं. नवरा मारायचा. एका रात्री तिनं त्याचाच हात पिरगाळला, सकाळी एस.टी. धरली आणि परत गेली नाही. भावानं दोन वर्षं तोंड पाहिलं नाही. मग नोकरी लागल्यावर जरा गप्प बसला.

"दादाचा निरोप आला," स्टोव्हला पंप मारत ती म्हणाली. "नोकरी गेली की न्यायला येतो म्हणलाय. थेट नांदायलाच सोडणार. त्यांचं बोलणं झालंय."

"आणि तू जाणार?"

"न जाऊन खाऊ काय? ही पकड?" तिनं माझ्यापुढे पंजा नाचवला. "दाणीला इचार, इकत घेतो का."

मी म्हणाले, "मी साहेबाला सांगते. माझ्या जागी..."

"गप गं. दान करायला आलीस व्हय?" स्टोव्ह भडकला, तशी तीही. "तुला शैलीच्या पुढं जायचंय ना? मग जा. सात गुण काढ. मी हाय मागं. मेलीस तर उठवते. तेवढंच येतं मला."

"मला तर तेही येत नाय."

"तुला पकड येतच नाय मुळी. एवढ्या वर्षांत एक घोटा धरला नायस तू. नुसती पळतीस." मग चहा ओतता ओतता जरा मऊ आवाजात म्हणाली, "पण पळतीस झकास."

अंतिम सामना मुंबईच्या एका बँकेच्या संघाशी होता. सगळी कंपनी दोरीपाशी उभी. एका बाजूला मांडव, त्यात नवे मालक, दाणी साहेब, आणि मधल्या टेबलावर चकाकती ढाल. संघाच्या इतिहासातल्या सर्वाधिक गुणांची. माइकवर एक निवेदक आणला होता, लग्नात आहेराची नावं वाचतात तसल्या आवाजाचा.

मी त्या दिवशी जी खेळले, तशी पुन्हा कधी खेळले नाही. उगाच विनय दाखवत नाही. पहिल्याच चढाईत एकीला पायानं टिपलं, पुढच्या चढाईत साखळी तोडून दोघींना मारून आले, आणि मध्यंतरापर्यंत आणखी तिघींना. शैलाला एकच गुण मिळाला होता. मध्यंतराला निवेदक घसा ताणून सांगत होता, "नंदा गव्हाणे! विक्रमापासून हाताच्या अंतरावर!" मी ढालीकडे बघितलं. मला ती हवी होती. घरात खिडकीजवळ कुठे ठेवायची तेही ठरलं होतं.

मध्यंतरानंतर मैदानाच्या बाजू बदलल्या आणि मला पलीकडच्या दोरीशी जीप दिसली. बोनेटला टेकून एक फेटेवाला उभा होता. मथुराचा दादा. जीपच्या मागच्या भागात एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यावर स्टोव्ह. तो स्टोव्ह मी ओळखला. सामना संपायच्या आधीच त्यानं खोली रिकामी केली होती.

मथुरानंही पाहिलं होतं. ती हाताला माती चोळून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

त्या गडबडीत माझं लक्ष उडालं आणि पुढच्या चढाईत मी पकडले गेले. तिघी अंगावर पडल्या, दम तुटला. बाहेर जाऊन बाद झालेल्यांच्या जागी बसले. एकटीच. विक्रमाला दोन गुण कमी, आणि वेळ पळत होता.

बँकेची एक उंच मुलगी चढाईला आली. तिनं मधून हूल दिली आणि डाव्या कोपऱ्यावर लाथ सोडली. मथुरा तेवढ्याचीच वाट बघत होती. घोटा धरला. मुलगी ताकदीची, तिनं मथुराला मातीतून मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे फरफटत नेलं. मथुराची हनुवटी फुटली, पण पंजा सुटला नाही. शिट्टी झाली. पंच दौंडकर तात्यांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. एक जिवंत.

मी उठले. माइकवर आवाज घुमला, "आणि नंदा गव्हाणे पुन्हा मैदानात! फक्त दोन गुण! टाळ्या झाल्या पाहिजेत मंडळी, नंदा गव्हाणे!"

टाळ्या झाल्या. मथुरा अजून मातीत बसलेली होती. बाहीनं हनुवटी पुसत होती आणि जीपकडे बघत होती. मैदानावरच्या एकाही माणसानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय करतेय हे मला पुरतं कळत होतं असंही नाही. मी होते तिथेच परत खाली बसले.

तात्यांना वाटलं पायात गोळा आला. जवळ येऊन म्हणाले, "चला बाई, आत चला."

"मी बाद हाय."

"अहो, पकड झाली. तुम्ही जिवंत झालात."

"कुणी केलं जिवंत?"

"म्हणजे?"

"नाव सांगा, तात्या. माइकवर सांगा. मग उठते."

तात्यांनी चाळीस वर्षं पंचगिरी केली होती, पण मेलेली बाई उठायला नाही म्हणते हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी घड्याळ दाखवलं, आकडे मोजले आणि नाइलाजानं समोरच्या संघाला एक गुण दिला. मी ढिम्म. पवळे सर लांबून हात जोडत होते. मांडवातून दाणी साहेब ओरडले, "काय चाललंय? हिला उठवा!"

मैदानातून शैला चालत आली. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ही हसणार, कारण मी बसून राहिले तर पहिला नंबर तिचाच.

"याड लागलं का?" ती म्हणाली.

"लागलं."

तिनं मथुराकडे बघितलं. मग जीपकडे. स्टोव्ह तिनंही ओळखला असणार, आम्ही सगळ्याच त्यावरचा चहा प्यायलो होतो.

"सरक," शैला म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

तिच्या मागोमाग विमल आली. यादीतल्या पहिल्या तिघी ओळीनं बाद होऊन बसल्या, आणि कुणी हात लावलेला नव्हता. दोरीपलीकडचे कामगार आधी हसले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ए माइकवाल्या, नाव घे ना रं तिचं!" आणि एकदम दहा-वीस आवाज उठले.

पण सगळ्यांत जास्त चिडली ती मथुराच. हनुवटीवरनं रक्त ओघळतंय आणि ही माझ्या अंगावर धावून आली.

"ऊठ! मी तुला बसायला उठवली का? माझी पकड वाया घालवतीस?"

"तुझीच हाय ना पकड? मग त्यांना म्हणू दे."

"मला नाव नको, मला मॅच जिंकायचीय! शेवटची हाय माझी!" तिचा आवाज फाटला. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली असं मी म्हणणार नाही. ती पाठ फिरवून आपल्या कोपऱ्यात गेली आणि एकटीच पाय रोवून उभी राहिली.

दाणी साहेब मांडवातून खाली आले. "खेळ थांबवा! बंद करा हा तमाशा! गव्हाणे, तुमचं नाव यादीतून गेलं म्हणून समजा!"

"खोडा," मी म्हणाले. "मेलेल्या माणसाला नोकरी काय करायची."

तात्यांनी खेळ थांबवला. तेवढ्याचीच वाट बघत असल्यासारखा मथुराचा दादा दोरीखालून आत आला. बँकेच्या मुलींच्या मधून, त्यांच्या अर्ध्या मैदानातून सरळ चालत, मध्यरेषा ओलांडून तो आमच्या बाजूला आला आणि त्यानं मथुराचं मनगट धरलं.

"झाला ना खेळ? चल."

"सोड, दादा."

"चार माणसांत शोभा नको. चल म्हणतो ना!"

तिनं टाचा मातीत घातल्या. तो तिला ओढायला लागला. एवढी माणसं उभी होती, साहेब, मालक, दोनशे कामगार, पण बहीण-भावाच्या मामल्यात कोण पडणार? मथुरानं कुणाकडे मदत मागितली नाही. तिनं फक्त मध्यरेषेकडे बघितलं, चढाईवाली तिथून किती लांब आहे हे बघायची तशी.

आणि बाजूला उभे असलेले पवळे सर, ज्यांचा दाणी साहेबांपुढे आवाज फुटत नसे, ते जन्माची सवय असल्यागत ओरडले, "साखळी!"

शैला आणि विमल उठल्या तेव्हा त्यांचे हात एकमेकींत होते. उरलेल्या तिघी दुसऱ्या बाजूनं आल्या. तो मध्यरेषेकडे वळतो तर समोर भिंत. "बाजूला व्हा गं!" तो खेकसला आणि मथुराचं मनगट सोडून त्यानं दोन्ही हातांनी शैलाला ढकललं. शैला मागे सरकली. साखळी ताणली गेली. तो त्या फटीतून निघणार, एवढ्यात मी खाली झेपावले.

मी घोटा कसा धरला ते मला आजही सांगता येत नाही. एवढं आठवतं की तोंडात माती गेली, त्याच्या चपलेचा अंगठा माझ्या दातांवर बसला आणि मी सोडलं नाही. धिप्पाड माणूस आडवा पडला. हात लांब केला असता तर मध्यरेषेला लागला असता, पण वरून विमल बसली होती.

दौंडकर तात्यांच्या ओठांत शिट्टी होतीच. ती वाजली. हात वर झाला. "बाद!" ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली.

मैदान दणाणलं. बँकेच्या मुलीसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. दादा उठला. फेटा सुटला होता. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक नुसते हसत होते, आणि तेवढं पुरलं. मथुरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, ट्रंक उतरव. आणि स्टोव्ह सांभाळून, रॉकेल भरलंय त्यात."

त्यानं ट्रंक उतरवली. स्टोव्ह मात्र तिनं स्वतःच्या हातांनी घेतला.

सामना आम्ही हरलो. ढाल शैलाला मिळाली, माझं नाव यादीतून गेलं ते कायमचंच. त्याच आठवड्यात मी आणि मथुरा चाकण रोडवरच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. तिची खोली तीच राहिली, कडीही तीच. भाऊ पुढे चार वर्षांनी भाऊबीजेला आला. तिनं ओवाळलं, पण जेवायला वाढायच्या आधी कडी घालून दाखवली आणि म्हणाली, "ही बघून घे."

सुवर्धनच्या जागी आता इमारती झाल्यात. मध्यंतरी जुन्या व्यावसायिक संघांवर कुणी एक पुस्तिका काढली, त्यात आमच्या संघाचे सर्वाधिक गुणवाले छापलेत. शैला फुगे पहिली. नंदा गव्हाणे दुसरी, दोन गुण कमी. लोक हळहळतात. मी त्यांना सांगते, दोन गुण समोर ठेवले होते, मीच उचलले नाहीत. आणि माझी एक पकड मात्र त्यांनी छापायची राहून गेलीय. आयुष्यात केलेली एकुलती एक.

तशी ती नियमात बसत नव्हतीच. त्याच संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, तात्या माझ्याजवळ आले होते. जुना पंच, मनाला रुखरुख लागून राहिलेली.

"बाई, राग मानू नका. पण ती पकड धरता येत नाही. तुम्ही बाद होता."

मी काही बोलायच्या आत ट्रंकेवर बसलेली मथुरा म्हणाली, "बाद कशी, तात्या? मी तिला मघाशीच उठवली व्हती."